मी गाडीत बसले की स्पीकर गप्प

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय. खरं सांगते, निम्मे वाचताना हसले आहे. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या मागे पांढरी साडी येते... मी मनात म्हणायचे, बाई, आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. माझा स्वभावच तसा. नांदेडला आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला शिकवते, बावीस वर्षं झाली. वय एक्कावन्न. एवढ्या वर्षांत कारण नसलेला बिघाड मला भेटला नाही. कारण सापडलं नाही असं झालंय, पण तो माझा आळस. बिघाडाला कारण असतंच.

आता जे लिहितेय त्याला कारण सापडलेलं नाही. आळस केलेला नाही.

आधी घरची माणसं सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. मी, नवरा आणि एकुलती मुलगी ऋतुजा — आम्ही नांदेडला, तरोड्यात. लातूरला औसा रोडच्या आतल्या कॉलनीत माझे मोठे दीर. त्यांना आम्ही दादा म्हणतो. शाळेत मास्तर होते, आता रिटायर. त्यांची बायको शैलाताई, म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांना मूल झालं नाही.

आमच्याकडे दहावीनंतर मूल हुशार असलं की एकच प्रश्न असतो — डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला पाठवायचं, पण सोबत कोण राहणार? मैत्रिणींनी नोकऱ्या सोडल्या, खोल्या घेतल्या, दोन-दोन वर्षं एका कुकरवर संसार केला. मी नोकरी सोडली नाही. सोडायची गरजच नव्हती, घरचंच घर होतं तिथं. अकरावी-बारावी दोन वर्षं ऋतुजा शैलाताईंकडे राहील असं ठरलं. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, फिजिओथेरपीला लागला, तोही लातूरलाच. दोन वर्षांसाठी पाठवलेली पोरगी साडेसहा वर्षांनी परत आली.

मला ती मम्मी म्हणते. शैलाताईंना मोठ्याई म्हणायची. लहानपणी शिकवलेलं आहे ते, मोठ्या काकूला मोठी आई म्हणायची आमच्यात पद्धतच आहे. पण फोनवर दहा वाक्यांत आठ वेळा ‘मोठ्याई’ आणि शेवटी ‘बाय मम्मी’ ऐकलं की काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत. मी महिन्यातून दोनदा शनिवारी एसटीने जायचे — लोहा, अहमदपूर, चाकूर करत. डब्यात तिच्या आवडीचं करून न्यायचे. पोचेपर्यंत ती धपाटे खाऊन झोपलेली असायची. शैलाताई दारातच सांगायच्या, “आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका.” माझ्याच पोरीला उठवू नका.

जिच्याबद्दल लिहितेय ती गाडी त्यांचीच. पांढरी, छोटी, बारा वर्षांची. त्या चाळिशी उलटल्यावर चालवायला शिकल्या, ऋतुजाला क्लासला सोडायला रिक्षावाला नको म्हणून. शिकलेल्या फार नव्हत्या. माहेर निलंग्याकडचं, आठवीनंतर शाळा सुटलेली. पण गाडी शिकल्या. मला आजही गाडी येत नाही. म्हणजे वायरिंग येतं, चालवता येत नाही. हेही माझ्या मनात होतंच.

दीड वर्षापूर्वी शैलाताई गेल्या. दुखणं फार दिवस चाललं नाही. वर्षश्राद्धाला दादांनी सगळ्यांसमोर गाडीची किल्ली ऋतुजाच्या हातावर ठेवली. “ऋतू, ही तुझ्या मोठ्याईची. आता तूच चालव. मला डोळ्यांनी झेपत न्हाई.” मी तेव्हा पंगतीत पुरण वाढत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, बघायचं कारणही नव्हतं.

अशी ती गाडी नांदेडला आमच्या दारात आली. ऋतुजाही आली. आणि मला वाटलं, चला, आता तरी ही माझी.

पण संध्याकाळी ती खाली जाऊन गाडीत बसायला लागली. काचा वर, इंजिन बंद, नुसता सेट चालू. अर्धा-अर्धा तास. चौथ्या दिवशी मी विचारलं.

“मोठ्याईचा आवाज आहे पेन ड्राइव्हवर,” ती म्हणाली. “बारावीला ती मला धडे वाचून रेकॉर्ड करून द्यायची. क्लासला जाताना ऐकायचो आम्ही.”

“तुझी परीक्षा होऊन पाच वर्षं झाली,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली, आणि ताट घ्यायला उठली.

त्याच सुमारास तिला दोन ठिकाणी नोकरी लागली. एक नांदेडच्या हॉस्पिटलात, आमच्या घरापासून पंधरा मिनिटं. दुसरी लातूरच्या हॉस्पिटलात, म्हणजे परत दादांच्या घरी, शैलाताईंच्या खोलीत. पगार सारखाच. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि ती काही बोलत नव्हती. मला तिला ‘नांदेड घे’ असं तोंडाने म्हणायचं नव्हतं. तिने आपणहून घ्यायला हवं होतं.

म्हणून मी सेट बदलायचं ठरवलं.

सरप्राइज म्हणून. मोठ्या स्क्रीनचा नवा सेट आणला आणि ती मैत्रिणीकडे गेली असताना मंगळवारी दुपारी स्वतः बसवला. जुन्या सेटला लावलेला पेन ड्राइव्ह काढला. फेकला नाही. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात टाकला. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा म्हणाले, “मला दिसला नाही बाई. सीटखाली वगैरे पडला असेल.” खोटं बोलले. मी इथे स्वतःची बाजू मांडायला आलेली नाही, जे झालं ते लिहितेय. तिने तासभर मोबाइलचा उजेड पाडून सीटखाली शोधलं. मीही शोधल्यासारखं केलं.

रागावली नाही. जेवली पण नाही.

नव्या पेन ड्राइव्हवर मी तिच्या लहानपणची गाणी भरून घेतली होती. घरात मी स्वयंपाक करताना लावायचे ती, ओट्यावर बसून ती पण म्हणायची. रविवारी दादांना भेटायला लातूरला जायचं होतं, आम्ही दोघीच. तीन तासांचा रस्ता. तीन तास ती आणि मी आणि आमची गाणी. माझा हिशोब एवढाच होता.

मंगळवारीच, बसवून झाल्यावर सेट चालू केला. स्क्रीन लागली, गाण्याचं नाव दिसलं, आवाजाच्या पट्ट्या वर-खाली नाचायला लागल्या. स्पीकर गप्प.

यात काही अमानवीय नाही. नवा सेट बसवल्यावर स्पीकर गप्प असणं म्हणजे ताप आल्यावर अंग गरम लागणं. मी क्रमाने गेले. आवाज शून्यावर आहे का, नाही. म्यूट आहे का, नाही. सगळा आवाज एकाच कोपऱ्याकडे ढकललाय का, नाही. मग डॅशबोर्डचं प्लास्टिक परत काढलं आणि माझी चूक सापडली. या गाडीत सीटखाली एक छोटा अॅम्प्लिफायर होता. सेटमधून एक निळी वायर त्याला जाते, ती त्याला जागं करते. ती मी जोडलीच नव्हती. मुलांनी अशी चूक केली तर मी वर्गाबाहेर काढते.

जोडली. टेप मारली. आत बसले, चालू केलं. गप्प.

फ्यूज बघायला बॉनेटकडे गेले. नवरा ऑफिसातून आला होता, तो सहज आत डोकावला आणि सीटवर बसला. आणि गाणं सुरू झालं, चारही स्पीकर, स्वच्छ.

“लागलं की,” तो म्हणाला.

मी येऊन शेजारी बसले. बंद.

“काय केलंस?”

“मी काय केलं? बसले.”

“उतर बरं.”

उतरले. गाणं सुरू. बसले, बंद. पाच-सहा वेळा केलं. नवऱ्याला मजा वाटायला लागली. “रविवारी तू एसटीनेच जा,” म्हणाला. “ऋतू गाडीत गाणी ऐकत येईल.”

मला मजा वाटत नव्हती. पण घाबरलेही नव्हते. माझ्या बसण्याने काहीतरी बदलतंय एवढाच त्याचा अर्थ. वजनाने सीटखालची वायर दबत असेल. मी मागच्या सीटवर बसले — बंद. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, मधे — बंद. माझं वजन अडुसष्ट किलो. गावाकडून आलेली हरभऱ्याची दोन पोती घरात होती, तीस-तीस किलोची. नवऱ्याला ती माझ्या जागेवर ठेवायला लावली. गाणं छान वाजत राहिलं. दोन पोती हरभऱ्याला ऐकू आलं, मला नाही.

मग मोबाइल. ब्लूटूथ आपोआप जोडलं जातं आणि सेटचा आवाज कापला जातो, असं होतं. मला वाटलं, सापडलं. मोबाइल वर घरात ठेवून आले. घड्याळ काढलं. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, “लोक बघून राहिलेत, भांडण झालं म्हणतील.” बसले. बंद.

बुधवारी दुपारी गाडी सलीमभाईंकडे नेली, नवऱ्याला चालवायला लावून. सलीमभाई गाड्यांचे सेट बसवतात, आमच्याच ट्रेडचे जुने विद्यार्थी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांनी माझं वायरिंग बघितलं आणि मान हलवली. “मॅडम, काम तर एकदम साफ आहे. माझ्याकडं तर झक्कास वाजून राहिलं.”

“मी आत बसते. आता?”

“...आता न्हाई.”

“उतरले.”

“आता वाजून राहिलं.”

त्यांनी सेट बदलून बघितला. दुकानातला दुसरा, तिसरा. तेच. मग मी आत बसलेली असताना त्यांनी दाराचा पॅनल उघडून स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल लावला. खट्ट. म्हणजे मी आत असताना स्पीकर जिवंत आहे. मग त्याच टोकांवर मी माझा मल्टिमीटर लावला. गाण्याच्या तालावर व्होल्टेज वर-खाली होत होतं. म्हणजे सेटकडून गाणं निघालंय, तारेतून आलंय, स्पीकरच्या दारात उभं आहे. स्पीकर चांगला आहे. आणि आवाज नाही. मी स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट ठेवलं. पडदा हलत नव्हता. ज्यांना यातलं कळतं त्यांना मी काय म्हणतेय ते समजेल. बाकीच्यांसाठी सांगते, नळाला पाणी आहे, तोटी उघडी आहे, बादली खाली आहे आणि बादली कोरडी, असा प्रकार.

सलीमभाई हात पुसत म्हणाले, “सेटमध्ये खराबी न्हाई. वायरीत न्हाई. स्पीकरमध्ये न्हाई. आता फक्त तुम्हालाच खोलून बघायचं राहिलं, मॅडम.”

गुरुवारी मी कान तपासून घेतले. हसू नका, तीही एक शक्यता होती. कानांना काही झालेलं नव्हतं. आणि असतं तरी नवऱ्याला, सलीमभाईंना ऐकू न यायचं कारण काय?

घरी आले तेव्हा ऋतुजा गाडीत बसून गाणी ऐकत होती. माझीच गाणी. ओठ हलत होते तिचे, म्हणत होती. मी काचेबाहेर उभी राहून बघितलं. ही गाणी मी भरली, सेट मी आणला, पोरगी माझी, आणि आत जायची सोय नाही. कुणाचा राग धरावा तेही कळेना. शैलाताईंचा तरी धरता यायचा.

रविवारी निघालो. ऋतुजा चालवत होती, मी शेजारी. सेट बंदच होता. उपयोग काय. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली रानं. मी हवापाण्याच्या गोष्टी काढत होते, ती हो-नाही करत होती. अहमदपूरच्या पुढे न राहवून विचारलंच.

“कळवलं का मग हॉस्पिटलला?”

“उद्यापर्यंत वेळ आहे.”

“नांदेडचं बरं आहे तसं. जवळ आहे.”

तिने गिअर बदलला.

चाकूरच्या अलीकडे एका हॉटेलपुढे चहाला थांबलो. मी आधी उतरले. दार लावते न लावते तोच आतून गाणं सुरू. तिने सेट मुद्दाम लावून बघितला होता. काच खाली करून माझ्याकडे बघून हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

“मम्मी, हा सेट मोठ्याईसारखा झालाय.”

“म्हणजे?”

“तू आलीस की गप्प.”

मला वाटलं, टोमणा आहे. पण तिच्या तोंडावर तसं काही नव्हतं. चहा आला, आम्ही बाकड्यावर बसलो, आणि ती गंमत सांगितल्यासारखं सांगत गेली. शैलाताई रोज दुपारी तिचं पुस्तक घेऊन बसायच्या. इंग्रजी एक-एक अक्षर जुळवून वाचायच्या. अडलेलं दादांना विचारायच्या. पाच-पाच वेळा वाचून जमलं की मगच मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. “आणि शनिवारी तुझी बस यायची वेळ झाली की पुस्तक पहिलं गादीखाली. मी म्हणायचे, अगं वाच की, मम्मीच आहे. तर म्हणायची, नको बाई, त्या आल्या की माझं तोंड उघडत न्हाई.”

“मी काय केलं होतं तिला?”

ऋतुजाने कप खाली ठेवला. “तुला आठवत नाही खरंच?”

आठवलं. ती अकरावीत होती, पहिल्या दिवाळीच्या आधी. मी अचानक गेले होते. शैलाताई स्वयंपाकघरात मोठ्याने वाचत होत्या, काहीतरी वीज-चुंबकाचं. मी दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाले, “ताई, अर्थ कळत नसताना नुसतं वाचून काय उपयोग? पोरीच्या डोक्यात उलटा घोळ होईल.” एवढंच. वर्गात मी दिवसातून दहा वेळा बोलते असं. दादा होते तिथं, ऋतुजा होती, शेजारची एक बाई होती. शैलाताई हसल्या आणि पुस्तक मिटून चहा टाकायला उठल्या. मला तर वाटलं होतं, मी बरोबर बोलले.

बरोबरच बोलले होते. त्याने काही फरक पडत नाही.

मी पर्स उघडली, चेनचा कप्पा उघडला आणि पेन ड्राइव्ह बाकड्यावर ठेवला.

ऋतुजाने तो उचलला. ओरडली नाही. “मला माहीत होतं,” म्हणाली. “तू काही हरवत नाहीस. तुझ्या हातून आजपर्यंत एक स्क्रू हरवलेला मी बघितला नाही.”

“मग शोधत का होतीस सीटखाली?”

“तू सांगशील वाटलं.”

चहावाल्याने आणखी हवा का विचारलं. दोघीही नको म्हणालो.

ती गाडीत जाऊन बसली, पेन ड्राइव्ह लावला, माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. मी बाहेर, दारापासून हातभर अंतरावर. आणि शैलाताईंचा आवाज मी साडेसहा वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकला. इंग्रजी ओळ, संथ, प्रत्येक शब्द वेगळा, ताटात तांदूळ निवडावेत तशी. मागे कुकरची शिट्टी. मग थांबून मराठीत — “ऋतू, हे तारेतनं करंट गेला की बाजूची सुई हालती म्हणतेत. का हालती ते मला न्हाई सांगता यायचं. रात्री मम्मीला फोन लावून विचार. तिला सगळं येतंय. मी आपली नुसती वाचून राहिले.”

ऋतुजाने मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं.

“तुला फोन लावला की तू आधी मार्क विचारायचीस,” ती म्हणाली.

मी खिडकीतून डोकं आत घातलं. आवाज बंद. बाहेर काढलं, शैलाताई पुढच्या ओळीवर. वाक्याच्या मधे बंद होऊन त्याच वाक्याच्या मधे सुरू होत नव्हतं, मी लक्ष दिलं. तेवढा वेळ आत त्या वाचतच असाव्यात, फक्त ऐकू येत नव्हतं.

चाकूर ओलांडल्यावर मी म्हणाले, “लातूर घे.”

“कालच कळवलंय,” ती म्हणाली. “लातूरच.”

मग मला सांगितलं का नाहीस, हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही. दादा एकटे आहेत, डोळ्यांनी अधू आहेत, हे कारण तिने दिलं असतं आणि ते खरंच होतं. पण मला माहीत आहे, ते एवढंच नव्हतं.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. गाडी लातूरला आहे. मी पूर्वीसारखीच महिन्यातून दोनदा एसटीने जाते. सेट सगळ्यांसाठी वाजतो, मी बसले की बंद होतो. मधे मी अॅम्प्लिफायर बदलला, अर्थिंगची वायर नव्याने ओढली, स्पीकरही बदलले. गाडीतला आता एकही भाग तो नाही जो शैलाताईंच्या वेळी आवाज देत होता. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्समधलं असेल आणि तर्क सुचला तर जरूर लिहा, मी करून बघेन. फक्त ‘मनाचे खेळ’ लिहू नका, मीटरला मन नसतं. आणि हेवा गेला का म्हणाल, तर नाही गेला. मेलेल्या बाईचा हेवा करणं बरं नाही हे कळतं. कळून कमी होत नाही.

एक सांगायचं राहिलं. गेल्या खेपेला निघायच्या आधी ऋतुजा पेशंटच्या घरी गेली होती, दादा आत पेपर भिंगाने वाचत होते. गाडी अंगणात उभी. मी किल्ली घेतली, आत बसले, दार लावलं आणि तोच पेन ड्राइव्ह चालू केला. तुम्हाला वाटेल मी माफी वगैरे मागितली. तोंड उघडलं होतं खरं. मग मिटलं. त्या वाचत असताना मधे बोलायचं नाही, एवढं तरी.

स्क्रीनवर धड्याचा नंबर आला. खाली वेळ, आठ मिनिटं चाळीस सेकंद. आकडे पुढे सरकायला लागले. शून्य-एक, शून्य-दोन. आवाज काही नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे धूत होतं तेवढं ऐकू येत होतं. मी हात मांडीवर ठेवून आकड्यांकडे बघत बसले. कुठे त्या अडल्या असतील, कुठे दादांना विचारलं असेल, कुठे कुकर झाला असेल, मला काही कळायला मार्ग नव्हता. आठ-चाळीसला धडा संपला आणि दुसरा आपोआप सुरू झाला. अकरा मिनिटांचा.

माझ्या बसची वेळ होत आली होती. दादा दारात आले. मी काच खाली करून म्हणाले, “दादा, पुढच्या एसटीनं जाते मी.” आणि काच परत वर घेतली.